कालवांचं वेळापत्रक

४ जानेवारी

रोजनिशी लिहायचा संकल्प एक तारखेचा होता. एकला सुट्टी होती. दोनला पेन सापडलं नाही. तीनला पेन सापडलं, पण चष्मा सापडेना. म्हणजे उशीर झालेला नाही, अडचणी आल्या.

या वर्षीचे संकल्प: रोज लिहिणे. पोट कमी करणे. डोळे तपासून घेणे. हिच्याशी रोज थोडं बोलणे. हॅचरीत विक्रमी पैदास करणे. (शेवटचा संकल्प नाही, भाकीत आहे.)

पुढेमागे मलाच आठवलं नाही तर म्हणून लिहून ठेवतो. हॅचरी म्हणजे समुद्राकाठची एक लांबुळकी शेड, पाच टाक्या आणि एक पंप. पैदाशीची मोठी कालवं टाकीत ठेवायची, खाऊपिऊ घालायची आणि योग्य दिवशी पाणी गरम करून त्यांना झटका द्यायचा. मग नर-मादी आपापला ऐवज पाण्यात सोडतात, त्यातून पिल्लं होतात, ती बीज म्हणून कालवं वाढवणारे लोक विकत घेतात. योग्य दिवस कोणता ते मी ठरवतो. माझं वेळापत्रक भिंतीवर फ्रेम करून लावलेलं आहे. जानेवारी गार, फेब्रुवारी कोमट, मार्च खुराक, पंधरा एप्रिल झटका. एकोणीस वर्षं चाललंय. मागची दोन वर्षं पैदास जेमतेम झाली, पण त्यात वेळापत्रकाचा दोष नव्हता. कालवांचा होता.

९ जानेवारी

टाकीचं पाणी वेळापत्रकापेक्षा चार डिग्री जास्त. थर्मामीटर बिघडला. नवा मागवला.

थंडी पडलीच नाही म्हणून जो तो बोलतोय. मी स्वेटर घालून जातो. जानेवारी आहे. घाम येतो तो वेगळा प्रश्न.

ही चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. अख्ख्या गावाचे डोळे तपासून झाले, घरचेच राहिलेत, असं म्हणाली. शनिवारी माझ्यासाठी वेळ काढून ठेवली आहे. जाणार.

११ जानेवारी

गेलो नाही. पंपाचा आवाज संशयास्पद येत होता. दिवसभर शेजारी स्टूल टाकून ऐकत बसलो. संध्याकाळी लक्षात आलं की पंप असाच वाजतो.

१६ जानेवारी

नवा थर्मामीटर आला. तोही चार डिग्री जास्त दाखवतो. दोन्ही एकाच कंपनीचे, त्यामुळे साहजिक आहे. दुसऱ्या कंपनीचा मागवला.

शेवाळवाला म्हणाला की थर्मामीटर बरोबर आहेत, समुद्रच गरम आहे. शेवाळवाला म्हणजे माझा सहकारी. कालवं जे बारीक शेवाळ खातात ते मोठ्या काचेच्या बाटल्यांत वाढवतो. बोटं कायम हिरवी. माणूस चांगला आहे पण ऐकीव गोष्टींवर पटकन विश्वास ठेवतो.

२४ जानेवारी

तिसरा थर्मामीटर. साडेचार डिग्री जास्त. तीन साक्षीदार एकच खोटं बोलले म्हणून ते खरं होत नाही. तिन्ही ड्रॉवरमध्ये टाकले. पाणी गार करायचं यंत्र आमच्याकडे नाही. कधी लागलंच नाही. जानेवारीत समुद्र गार असतो, ते त्याचं काम आहे.

जेवण झाल्यावर हिच्याशी थोडं बोललो (संकल्प क्रमांक चार). सांगितलं की कालव बहुतेक करून आधी नर असतं, अंगात ताकद आली की मादी होतं आणि खायला कमी पडलं, पाणी बिघडलं की परत नर होतं. ही म्हणाली, बरी सोय आहे. ती हसेल म्हणून मी जरा थांबलो. मग कॉफी गार झाली.

२ फेब्रुवारी

हिच्या दुकानाच्या मालकांनी दुसऱ्या शहरात शाखा काढली आहे. तिथली प्रमुख म्हणून हिला बोलावलंय. जायचं तर तिकडेच राहावं लागणार, रोजचं येणं-जाणं शक्य नाही. हिने मला काय वाटतं ते विचारलं. मी म्हणालो, एकदा पैदास होऊन जाऊ दे, मग निवांत बोलू. ती म्हणाली, महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचंय. मी म्हणालो, झालंच मग, पंधरा एप्रिल. महिना कुठला ते तिने आधी स्पष्ट केलं नव्हतं.

मग ती असंही म्हणाली की मी नको म्हणालो तर ती जाणार नाही. जा म्हणालो तर जाईल. पण काहीतरी म्हण, असं दोनदा म्हणाली. मुद्दा लक्षात ठेवला आहे.

६ फेब्रुवारी

पूर्ण योजना तयार. पंधरा एप्रिलला सकाळी झटका, दुपारपर्यंत पैदास, संध्याकाळी हिला बाहेर जेवायला न्यायचं आणि तिथे विषय काढायचा. यशस्वी माणसाचं बोलणं लोक नीट ऐकून घेतात. बोलण्याचे मुद्देही काढले.

मुद्दा एक: तुझ्या कामाची मला कदर आहे.
मुद्दा दोन:
मुद्दा तीन: घराचं सगळं व्यवस्थित चाललंय, ते तसंच चालावं.

मुद्दा दोन अजून सुचलेला नाही. वेळ आहे.

१५ फेब्रुवारी

डोळ्यांची दुसरी वेळ आज होती. गेलो नाही. जुन्या चष्म्याची सवय झाली आहे. नवा घेतला की पायऱ्या जवळ दिसतात म्हणे. आमच्याकडे बऱ्याच पायऱ्या आहेत.

ही काही बोलली नाही. रागावली असती तर बोलली असती.

१८ फेब्रुवारी

डायरेक्टरबाई मुख्य कार्यालयातून आल्या. वयाने माझ्याहून लहान, पदाने मोठ्या. नम्र आहेत, त्यामुळे त्यांच्याशी भांडता येत नाही. म्हणाल्या की समुद्र दरवर्षी लवकर तापतोय, कालवं लवकर भरतात, लवकर मोकळी होतात. पाण्यात आंबटपणाही वाढतोय, त्यात पिल्लांना पहिलं कवच धरायला जड जातं. म्हणून तारखेवर न जाता दर आठवड्याला एखादं कालव उघडून आत काय चाललंय ते बघावं.

मी स्वच्छ नकार दिला. कालव उघडणं म्हणजे कालव मारणं. आणि कोणाच्या पोटात काय आहे हे उघडून बघायची माझी पद्धत नाही. बाहेरून कवच व्यवस्थित मिटलेलं असलं की आत सगळं ठीक असतं. एकोणीस वर्षांचा अनुभव आहे. बाई म्हणाल्या, विचार करा. मी म्हणालो, करतो. करून झाला.

हवामान बदललं म्हणून वेळापत्रक बदलायचं! उद्या म्हणतील घड्याळं बदला.

२६ फेब्रुवारी, सकाळ

टाकी क्रमांक तीनचं पाणी धुरकट दिसलं. चष्मा पुसला. तरी धुरकट. शर्टाला पुसला होता, म्हणून रुमालाने पुन्हा पुसला. तरी धुरकट. वाकून पाहिलं तर दूध सांडल्यासारखं पांढरट. टाकी दोनचंही तसंच. थोड्या वेळाने बाकीच्यांचंही.

निदान लगेच केलं: फिल्टर. शेवाळवाला आज रजेवर आहे, नाहीतर उगाच काहीतरी तर्क लढवत बसला असता. मी मुळीच वेळ घालवला नाही. खालचे व्हॉल्व्ह उघडून सगळं पाणी मागच्या पाइपने समुद्रात सोडून दिलं. मग कालवं बाजूला काढून भिंती घासल्या, क्लोरीन फिरवलं, तीन वेळा धुतलं आणि ताजं पाणी भरलं. अशा वेळी माणूस गोंधळला तर संपलं. मी गोंधळलो नाही.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ

फिल्टर घरी आणला. बाथरूममध्ये ब्रशने घासत बसलो. ही दारात येऊन काहीतरी म्हणाली. माझं लक्ष फिल्टरमध्ये होतं, नळ चालू होता. मी बरं म्हणालो. ती म्हणाली, ऐकलं ना. मी म्हणालो, बरं.

ती थोडा वेळ तिथेच उभी होती. नळ बंद केला तेव्हा गेली होती. महत्त्वाचं असेल तर पुन्हा सांगेल.

२७ फेब्रुवारी

पाणी काचेसारखं. टाकीच्या तळाशी पडलेलं नाणंसुद्धा दिसावं इतकं. (मला दिसणार नाही, पण दिसावं.) शेवाळवाल्याला घडला प्रकार सांगितला नाही. स्वतःच्या कामाचं कौतुक स्वतः करत सुटायचं नसतं.

ही कालपासून शांत आहे. नव्या शाखेचा विषय काढलेला नाही. विचार बदललेला दिसतो.

५ मार्च

वेळापत्रकाप्रमाणे खुराक सुरू. कालवं अधाशासारखी खाताहेत. एप्रिलची तयारी करताहेत, दुसरं काय. शेवाळवाला म्हणाला की त्याला ती दमल्यासारखी वाटतात, बाळंतपण उरकल्यासारखी. दगडाएवढ्या कवचात बंद असलेला प्राणी दमलाय हे याला बाहेरून कळतं! मी म्हणालो, तुझी बोटं धू आधी.

१२ मार्च

हिने नवी सुटकेस आणली. मोठी, चाकांची. आधी दचकलो, मग उलगडा झाला. पैदास झाल्यावर मी रजा घेणार हे तिने ताडलेलं आहे. बऱ्याच दिवसांत आम्ही कुठे गेलेलो नाही. तिने स्वतःहून तयारी सुरू केली याचा आनंद झाला. कुठे जायचं ते तिला ठरवू द्यायचं.

पोट: जैसे थे.

१९ मार्च

डोळ्यांची तिसरी वेळ. या वेळी गेलो! दुकानाच्या समोरच्या फुटपाथपर्यंत गेलो. काचेतून ही दिसली. धूसर दिसली, पण चालण्यावरून ओळखली. एका म्हातारबाईंना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत होती. बाईंनी काहीतरी भलतंच वाचलं असावं, कारण दोघीही हसत सुटल्या. हिने हसता हसता टेबलाला धरलं.

घरी ही अशी हसत नाही. गिऱ्हाइकांशी हसावं लागतं, धंदा आहे.

आत रांग होती. (दोन माणसं. पण त्यातला एक वेळखाऊ वाटत होता.) परत आलो. रात्री तिने विचारलं की आला होतास का. मी म्हणालो, नाही. तिने ताट उचललं.

२९ मार्च

मेहुणा टेम्पो घेऊन आला. ही ट्रेनिंगला चालली आहे. म्हणजे ती ट्रेनिंग असं म्हणाली नाही, पण नव्या शाखेत जायचं म्हटल्यावर आधी ट्रेनिंगच असणार. मला आधी सांगितलं नव्हतं असं मी म्हणालो. ती म्हणाली, सांगितलं होतं, तू बाथरूममध्ये होतास आणि बरं म्हणालास. मेहुणा जमिनीकडे बघत होता. चांगला मुलगा आहे.

सुटकेस, पुस्तकं, उंच आरसा आणि शिवणयंत्र गेलं. ट्रेनिंगला शिवणयंत्र लागतं हे माहीत नव्हतं.

जाताना गॅसवाल्याचा नंबर सांगितला, दूध अर्धा लिटर केलंय म्हणाली. मग चप्पल घालून दारातच थांबली. माझ्याकडे बघत होती. मी मुद्दा एक काढणार होतो. पण मुद्दे पंधरा तारखेचे होते. वेळेआधी काढले की कच्चे राहतात. म्हणून मी टेम्पोला नीट दोर बांधलाय का ते बघायला खाली गेलो. बांधलेला होता.

६ एप्रिल

घरात सगळं सुरळीत. सकाळी ब्रेड, संध्याकाळी ब्रेड आणि अंडी. आरसा होता तिथे भिंतीवर एक लांब फिका चौकोन आहे. सवयीने त्यात बघून भांग पाडतो. हल्ली भांग बरोबर येत नाही असं शेवाळवाला म्हणाला.

वाईट वाटत नाही. म्हणजे वाटायला हवं असं वाटतं, पण वाटत नाही. दाढ काढायच्या आधी हिरडीत सुई देतात तसं झालंय. बोट लावलं तर बोटाला कळतं, हिरडीला काही नाही.

तिला फोन करायचा विचार केला. पण आत्ता केला तर पंधरा तारखेला सांगायला काय राहील?

१५ एप्रिल, सकाळ

आज. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. डायरेक्टरबाई आल्या आहेत. कालवं वाढवणाऱ्यांतर्फे एक दाढीवाला आला आहे. बीज मिळालं नाही तर त्याची वर्षभराची पाण्यातली शेती रिकामी राहणार, त्यामुळे तो टाकीला चिकटून उभा आहे. त्याला म्हणालो, जरा मागे सर, अंगावर उडेल.

पाणी गरम करायला सुरुवात.

१५ एप्रिल, दुपार

अजून काही नाही. कालवं लाजतात कधीकधी. लोक टक लावून बघताहेत, त्यांचंही बरोबर आहे. दोन डिग्री वाढवलं. मग गार केलं. मग पुन्हा वाढवलं. पाणी नितळ. दाढीवाला तीन कॉफ्या प्यायला आणि प्रत्येक कॉफीला मी म्हणालो की आता कोणत्याही क्षणी.

१५ एप्रिल, संध्याकाळ

हुकमी उपाय काढला. एका नराचा ऐवज पाण्यात मिसळला की त्याच्या वासाने बाकीच्यांना जाग येते. त्यासाठी एक कालव उघडावं लागतं. उघडलं. भरलेलं कालव आतून सायीसारखं जाड, पांढरं असतं. हे पातळ, पाणचट, आरपार दिसणारं. मी म्हणालो, दुर्दैवाने रोगट निघालं. दुसरं उघडलं. तेही तसंच. तिसरं, चौथं. पाचवं मी उघडत होतो तेव्हा बाईंनी माझ्या हातातली सुरी घेतली. ओढून नाही, हळूच.

म्हणाल्या, ही सगळी रिकामी आहेत. आधीच मोकळी होऊन गेलीत. मधे कधी पाणी दुधासारखं झालं होतं का?

मी म्हणालो, नाही.

खरंच त्या क्षणी आठवलं नव्हतं. नंतर आठवलं. पण तो फिल्टरचा दोष होता. मी स्वतः तो फिल्टर घासला होता. घासताना त्यात घाण काहीच निघाली नव्हती, हेही आत्ता आठवतंय. नवीन होता फिल्टर.

शेवाळवाला माझ्याकडे बघत होता. मी हात धुवायला गेलो. दाढीवाला नमस्कार न करता निघून गेला.

हॉटेलात टेबल राखून ठेवलं होतं, दोघांचं. तिला कळवायचं राहून गेलं होतं. गेलो. वेटरने विचारलं, अजून कोणी येणार आहेत का. मी म्हणालो, बघू. एकट्याने सूप घेतलं.

२२ एप्रिल

कळलं ते असं. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका हॅचरीने या वर्षी फेब्रुवारीतच झटका दिला आणि त्यांच्याकडे भरपूर बीज आहे. दाढीवाला तिथून घेणार आहे. फेब्रुवारीत! त्यांच्याकडे वेळापत्रक वगैरे काही नाही, रोज समुद्राचं पाणी मोजतात आणि कालव उघडून बघतात. याला काय शास्त्र म्हणायचं?

डायरेक्टरबाई म्हणाल्या की पुढच्या वर्षीपासून आपणही तसंच करायचं, आणि रोजचं पाणी शेवाळवाला मोजेल. मी मार्गदर्शन करायचं. कोणाला, ते बोलण्यात आलं नाही. भिंतीवरची फ्रेम त्यांनी स्वतः उतरवली आणि काच फुटू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. खाली भिंतीवर फिका चौकोन राहिला. असाच एक घरी आहे.

ड्रॉवरमधले तिन्ही थर्मामीटर शेवाळवाल्याला दिले. त्याने पाण्यात धरले. तिन्ही सारखंच दाखवत होते.

२६ एप्रिल

आज काही कारण सापडलं नाही, म्हणून डोळे तपासायला गेलो.

हिच्या जागी आता एक उंच तरुण बसतो. त्याने अक्षरं वाचायला लावली. पहिली ओळ वाचली. दुसरीत मी थोडी मदत मागितली. तो म्हणाला, काका, तुमचा नंबर फार बदललाय, इतके दिवस काम कसं करत होतात? मी म्हणालो, अनुभवावर.

नाव सांगितलं तेव्हा त्याने खालचा खण उघडून एक फ्रेम काढली. म्हणाला की मॅडम सांगून गेल्यात, एक गृहस्थ येतील, उशिरा येतील पण येतील, त्यांना हीच फ्रेम द्यायची, दुसरी दाखवायचीसुद्धा नाही, दाखवली तर ते ठरवत बसतील.

फ्रेम घालून बघितली. नेमकी बसली. कानामागे कुठे टोचत नव्हती. नाकाचं माप तिने कधी घेतलं ते माहीत नाही. मी झोपलेला असताना घेतलं असेल.

दुकानातून बाहेर आलो आणि समोरच्या फुटपाथवर, त्या दिवशी उभा होतो तिथेच, थोडा वेळ उभा राहिलो. इथून आतलं सगळं दिसतं. म्हणजे आतूनही इथलं दिसत असणार.

३ मे

चष्मा मिळाला.

काय काय दिसलं: जिन्यातल्या पायऱ्या होत्या तिथेच आहेत. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर धूळ आहे. कपाटाची डावी बाजू रिकामी आहे, अगदी हँगरसुद्धा नाहीत. सहा जोडी चपलांच्या रॅकमध्ये दोन जोडी आहेत, दोन्ही माझ्या. माणूस ट्रेनिंगला जातो तेव्हा असं जात नाही. हे मला चष्म्याशिवायही दिसायला हरकत नव्हती.

छातीत दुखलं. हिरडीतलं औषध उतरत असावं.

दुपारी हॅचरीत गेलो. काही काम नव्हतं म्हणून शेडच्या मागे गेलो. टाक्यांचं पाणी जिथून समुद्रात पडतं त्या पाइपच्या आसपासच्या दगडांवर बारीक काहीतरी चिकटलेलं होतं. गुडघे टेकून बघितलं. कालवं. करंगळीच्या नखाएवढी, इथे एक, तिथे एक, थोडीशीच. पण जिवंत, घट्ट धरून बसलेली. मी ज्या दिवशी त्यांना सोडून दिलं त्या दिवशी जी वाहून गेली त्यातलीच असतील. नसतीलही. समुद्रात कालवं काय, कुठलीही असतात. पाणी गरम, पाणी आंबट, खुराक नाही, वेळापत्रक नाही. तरी जमवलंय त्यांनी.

बराच वेळ बघत बसलो. कोणाला तरी सांगावं असं वाटलं. शेवाळवाल्याला सांगावंसं वाटलं नाही.

३ मे, संध्याकाळ

हिला फोन केला. पाच आठवड्यांनी. मागे नळ चालू होता, भांड्यांचा आवाज येत होता. कामात होती.

सांगितलं की चष्मा मिळाला, छान बसला. ती म्हणाली, बरं.

सांगितलं की पाइपच्या तोंडाशी कालवं आली आहेत, माझ्याशिवाय. ती म्हणाली, बरं.

मग मला मुद्दा दोन सुचला. इतके दिवस ती जागा मोकळी होती आणि तो चारच शब्दांचा होता. बोलून टाकला. तू जायला नको होतीस.

ती म्हणाली, बरं.

मी म्हणालो, ऐकलं ना.

ती म्हणाली, बरं.

तिकडे नळ चालूच होता.